सत्तावीस

आमच्या गावात डोंगरातून कोरून आणलेला पाट आहे, फलज.
रात्री त्याचं पाणी ताऱ्यांवर वाटतात.
बाबांच्या मालकीची होती पाळीतली एक अख्खी रात्र:
चोवीस अथर, एकेक अर्ध्या तासाचा.

ते गेले. रात्र वाटायला
मुहन्ना आला, काखेत वही.
आईला आठवा हिस्सा.
थुरैयाला आणि मला मिळून दोन तृतीयांश.
आजोबांना सहावा, आजीला सहावा.
नियम आमच्या खजुरांहून जुने,
कुणी वाद घातला नाही.

मी दहा वर्षांची, अपूर्णांक नुकतेच शिकलेली.
वरचा आकडा सांगतो किती,
खालचा सांगतो केवढे,
मधली रेघ पाटाच्या काठासारखी.
मी मातीत बिया मांडल्या:
आईच्या तीन, आमच्या सोळा,
चार, आणि चार.
मोजल्या.
पुन्हा मोजल्या.

"तुझं चुकलंय," थुरैया म्हणाली.
मुहन्नानं एकेका बीवर बोट ठेवलं
आणि बराच वेळ बोलला नाही.
रात्रीत चोवीसच होते.

आईनं हात पुढे केला,
आपल्या तिनांतली एक उचलायला.
"अंशाला हात लावायचा नाही, रय्या.
तुझे तीन ते तीनच.
छेद बदलू."
त्यानं चोवीस खोडले, सत्तावीस लिहिले.

एवढंच.
तीच रात्र, तुकडे तीन जास्त,
तुकडा सव्वीस मिनिटं चाळीस सेकंदांचा.
बी कुणाचीच गेली नाही,
पोटाला चिमटा सगळ्यांच्या सारखा.

हे मी आता सुहारच्या शाळेत शिकवते
आणि मुलांना ते फार न्याय्य वाटतं.
मलाही वाटतं.
फक्त आईचा दीड तास
एक तास वीस मिनिटांचा झाला होता
आणि बांधाकडच्या शेवटच्या लिंबाशी
पाणी पोचायच्या आत पाळी सरायची.
पहिल्या खेपेला तिनं बादलीनं घातलं.

तिच्यानंतर पाळी आजीची.
दुसऱ्या खेपेपासून आजी फळी फिरवायला
उशिरा येऊ लागली.
गुडघे, म्हणायची.
कंदील खाली ठेवून बांधावर बसायची,
एक तारा कड्याआड पुरता जाईपर्यंत,
मग उठायची.
मी एकदा घड्याळ लावून पाहिलं:
दहा मिनिटं.

वही वाचता येत नव्हती तिला.
तारे येत होते.