तुरट

जिभेला हाड नसतं;
एर्सिलियाच्या जिभेला कातडीसुद्धा नव्हती.

बापाचा नेब्बिओलो, सात वर्षं लाकडी पिंपात मुरलेला.
एका घोटात हिरड्या आवळायच्या,
घसा चरचरायचा.
काका म्हणायचे, "शिकेल हळूहळू."
ती शिकली,
पेला ओठांना लावून तसाच खाली ठेवायला.

चौतिसाव्या वर्षी, कानेल्लीच्या बाजारात
एका म्हातारीनं एवढंच विचारलं,
"कॉफीत साखर किती?"
आणि ओतला फिकट, गार, फसफसता मोस्कातो.
पिकलं पीच. कुठेतरी मागे चिमूटभर मीठ.
काहीच दुखलं नाही.
बाटली तिनं घरी नेली, कोटाआड,
चोरासारखी.

यंदा औषधांनी बापाची जीभ सोलली.
जेवताना त्यानं पेला सरकवला
तिच्याकडे न बघता:
"ते तुझं पोरकट पाणी…
घोटभर."