वजाबाकी

न्खाता बेच्या धक्क्यावर सकाळी सहाला
मी माशांचे पर कातरते.
नखाएवढा तुकडा, कडेचा, परत उगवणारा.
तो स्पिरिटात टाकायचा, कुपीवर आकडा लिहायचा,
मासा सरोवरात सोडायचा.

खडकातले म्बुना हे. एकाच दगडाला
निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे.
कुणी शेवाळ खरवडतो, कुणी उपटून खातो,
एक जण तर दुसऱ्यांचे खवलेच पळवतो,
आणि माद्या पिल्लं तोंडात धरून
आठवडेच्या आठवडे उपाशी.
माझी आई, न्याचिर्वा, प्रत्येकाला निराळ्या नावाने ओळखते,
शिवी मात्र सगळ्यांना एकच देते,
कारण बाजारात त्यांना भाव नाही.

मोजायची रीत सोपी, ताडाला म्हणाला पहिल्या दिवशी.
दोन निळे घे. कुठलेही दोन.
त्यांची अक्षरं शेजारी शेजारी मांड,
न जुळणारी मोज.
मग दुसरे दोन. मग आणखी दोन.
सरासरी काढ. हे झालं घरातलं.
आता एक निळा, एक पिवळा.
पुन्हा तेच. हे झालं दोन घरांमधलं.
मग या दुसऱ्यातून पहिलं वजा कर.
उरेल तेवढंच दुरावल्याचं;
बाकीचं सगळं
चुली वेगळ्या होण्याआधीचं.

निळ्या-पिवळ्यात, हजार अक्षरांमागे दोन.
निळ्या-निळ्यात एकाहून जरा जास्त.
आणि सतराव्या पेटीत अशी एक जोडी निघाली,
दोघी निळ्या, एकाच कपारीतल्या,
की त्या एकमेकींपासून लांब होत्या
शेजारच्या पिवळ्याहूनही.
मला वाटलं, कुप्या बदलल्या.
तिसऱ्यांदा मोजलं.
कुप्या बरोबर होत्या.

रात्री उसिपा निवडताना आईला सांगितलं.
ती म्हणाली, मग लग्नं का लागत नाहीत त्यांची?
लागतात, म्हटलं. टाकीत. दिव्याचा रंग बदलला तर.
नर कुठल्या रंगाचा ते दिसलं नाही
की मादी कुणालाही हो म्हणते.
आई इतकी हसली की टोपली कलंडली.
मग गप्प झाली.
वर टेकडीवरची झाडं तोडून कसावा लावलाय,
आणि लिम्फासाच्या तोंडाशी पाणी
दोन वर्षं लाल आहे, चहासारखं.
तिथले म्बुना, ती म्हणाली, हल्ली मातकट दिसतात.
नाव काय द्यावं कळत नाही.

मी खाली सांडलेले मासे वेचत होते.
दूर लिकोमाच्या बाजूला होड्यांचे कंदील,
त्यातला एखादा तवोंगाच्या नवऱ्याचा असेल.
माझी पाठची बहीण. तीन वर्षं बोलत नाही आम्ही,
कारण आता नीट आठवतही नाही,
जाळ्याचे पैसे, बहुतेक.

तुम्हा दोघींचं वजा करून किती उरतं गं?
आईने विचारलं, मान वर न करता.

एवढ्या लहान आकड्याला यंत्र लागतं, म्हटलं.
तिला ते पटलं नाही.
उद्या अठरावी पेटी आहे.
मी कुप्यांना चिकटपट्ट्या लावत बसले.