का-बँड

टाकी उतरवून बेनाटनं जुन्या ब्लँकेटवर निजवली.
आत पेट्रोल अजून डुचमळतंय.
आठशे पौंडांच्या धुडाच्या पोटात
इतकं बारीक, रंगीत, गुंतलेलं काही असेल
असं बाहेरून कुणी म्हटलं नसतं.

मी टॉर्च धरलाय. शेजारी म्हणून माझं एवढंच काम.
"तिथे नको, इथे," तो म्हणतो. "आता तिथे."
गॅरेजच्या दाराखालून एल्कोचा मार्च
घोट्यांना चावतो.

सीटखाली नवा फ्यूज बॉक्स, सहा घरांचा.
पहिल्या घरात गरम होणाऱ्या मुठी,
दुसऱ्यात नकाशाचा पडदा,
तिसऱ्यात विजेवरचं जाकीट, कारण वय सदुसष्ट
आणि रक्त टोकापर्यंत जायला कंटाळतं.
चौथी वायर मागच्या सीटकडे जाते.
तिथे आता कुणी बसत नाही.
टोकाला टेप गुंडाळून त्यानं ती तशीच ठेवली,
फ्यूजसकट.
पाचव्यात हा: सिगरेटच्या पाकिटाएवढा काळा डबा,
पोलिसांचा रडार लांबूनच हुंगणारा.

तीस वर्षं सोन्याच्या खाणीत वायरमन होता बेनाट.
"अर्थिंग फ्रेमला नको. थेट बॅटरीला.
रंगावर विसंबणारे रस्त्यात बसतात."
जोड दाबतो, ओढून बघतो, पुन्हा ओढतो.
नळी चढवून लायटरनं आक्रसवतो.
मग हँडल डावीकडे पार टोकापर्यंत,
उजवीकडे पार टोकापर्यंत,
वायर कुठे ताणते का.
ढील ठेवावी लागते, म्हणतो,
नाहीतर पहिल्याच वळणाला तुटते,
आणि कुठे तुटली ते वर्षभर सापडत नाही.

खाणीतल्या स्फोटांनी कान गेलेत.
डब्याची शीळ त्याला ऐकू यायची नाही,
म्हणून हेल्मेटच्या आत, भुवईपाशी,
तांदळाएवढा लाल दिवा.
तासभर त्या तांदळातच गेला.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं.
ट्रकवालेसुद्धा हॉर्न देऊन ओलांडतात तुला,
तुला कशाला पोलिसांची धास्ती?

त्यानं पक्कड पुसली. ती स्वच्छच होती.
"नेकाने," म्हणाला. "वेल्सकडच्या पट्ट्यात ड्यूटी आहे तिची.
मंगळवार ते शनिवार."

लेक हायवे पेट्रोलमध्ये आहे, हे मला माहीत होतं.
आईला पुरल्यापासून ती त्याचा फोन उचलत नाही,
हे गल्लीला माहीत होतं.

किल्ली फिरवली. डबा जागा झाला,
आपल्याशीच काही पुटपुटला.
"सुपरमार्केटचं दार आपोआप उघडतं ना,
ते के-बँडवर बडबडतं. तिकडे लक्ष द्यायचं नाही.
तिची गन का-बँडवर."

का.
म्हटलं, माझ्या भाषेत हा अख्खा प्रश्न आहे.
"कसला?"
कारण विचारायचा.
तो हसला नाही.
"मग तिचाच शब्द," म्हणाला.

शनिवारी पहाटे गेला. डोंगरांवर बर्फ होतं अजून.
दिवे लागायच्या वेळी परतला,
हेल्मेट काढलं, केस घामानं चिकटलेले,
आणि मला दोन बोटं दाखवली.
एकदा जाताना. एकदा येताना.
दुसराही कुणी पोलीस असेल,
असं मी म्हटलं नाही.

"थांबवलं तिनं?"
"पंचावन्ननं चाललो होतो. कशाला थांबवेल?"

मंगळवारी टायरची हवा बघताना,
मान वर न करता, जणू हवेबद्दलच विचारतोय असं,
म्हणाला,
"त्या पट्ट्यात मर्यादा पंचाहत्तरच आहे ना
अजून?"