पाचवा रकाना

कबरस्तानाच्या रजिस्टरात पाच रकाने:
नाव, वय, तारीख, कारण, मंडळी.
सव्वीस वर्षं मीच भरतो.
उत्तरेची भिंत कॅथलिकांची,
चिंचेखालचा तुकडा आमचा,
केरळवाल्यांनी मागे आपली वेगळी फरशी घातली,
पेंटेकॉस्टलांना नाल्याकाठची ओली जागा मिळाली,
त्यावरून दोन वर्षं पत्रव्यवहार.
फाईल माझ्याकडेच आहे.

शुक्रवारी थावरिया डामोर आला.
चौतीस वर्षांचा, झाबुआकडचा.
कारण: बायपासजवळ पाचव्या मजल्याची परांची.
एमवायच्या शवागारातून टेम्पोत,
सोबत बहीण रेमली
आणि ठेकेदाराचा पोरगा,
सारखा मोबाईलमध्ये वेळ बघणारा.

"मंडळी कोणती?"
"ईसुनो," ती म्हणाली.
हो बाई, येशूचा, ते कळलं,
पण कोणाच्या देवळात जायचा?
तिनं बोटानं हवेत एक डोंगर काढला,
डोंगरावर ताडाचं झाड.
झाडाखाली. रविवारी.
झालं.

मी फोन लावत बसलो.
फादर लोबो म्हणाले, आमच्या नोंदीत हे नाव नाही.
आमचे पाळक म्हणाले, पत्र लागेल.
तरी साडेतीनच्या उन्हात आले सगळे;
सिस्टर अन्नम्मा ड्युटी बदलून,
पास्टर चौहान स्कूटरवर, बायबल हँडलच्या पिशवीत.
मला वाटतं, जो तो
दुसरा येणार नाही असं समजून आला.

पेटीला चार खांदे, चार उंचीचे.
पेटी तिरकी झाली.
"भिया, कदम तो मिलाओ!"
खड्ड्यातून बिहारी ओरडला.
फादर जरा वाकले,
आमचे पाळक चवड्यांवर चालले.

मग "आपण करा", "छे, आपणच करा".
त्या सभ्यपणात ऊन तापत राहिलं
आणि रेमलीनं प्रार्थना सुरू केली.
भिलीतला शब्द कळेना,
पण कुठे पोचलो ते कळत होतं:
हे राज्य आलं, ही भाकर,
(भाकरीच्या जागी ती मका म्हणाली)
आता क्षमा.
अन्नम्मा पुटपुटत होती मल्याळममध्ये, फादर कोंकणीत,
मी मराठीत, आजीनं नगरहून आणली होती त्या चालीवर.
संपलो सगळे वेगवेगळ्या वेळी.
आमेन चार वेळा झालं.

माती पडल्यावर तिनं फडकं सोडलं.
मक्याच्या पानिया, खाकऱ्याच्या पानांत भाजलेल्या,
रात्री साईटवर, विटांच्या चुलीवर.
मोडून एकेकाच्या हातावर ठेवत गेली.
एका मेजापाशी यायचं की नाही
यावर एकोणीस बैठका झाल्यात या शहरात,
मी चहा दिलाय प्रत्येक बैठकीला.
फादरनी तुकड्याकडे पाहिलं. पास्टरनी फादरकडे.
मग दोघांनी खाल्लं.
राख लागत होती दाताला.

ठेकेदाराच्या पोराच्या हातावरही तिनं ठेवला.
त्यानं विचारलं, ये ईसु कौन है?
तिनं डोळे पुसले, कबरीच्या कडेला बसली
आणि तुटक्या हिंदीत सांगू लागली.
पाळक, पास्टर, फादर, सिस्टर,
सगळे उभ्यानं ऐकत होते.
मध्येच एकदा सिस्टरनं विचारलं, "मग?"

ऑगस्टमध्ये समितीनं रजिस्टर तपासलं.
"साळवे, हा रकाना?"
भरतो, म्हणालो.
पेन हातातच होतं.