पारा

मे महिन्यात नागपूरचा पारा
पेपरात पहिल्या पानावर असतो.
सेहेचाळीस पूर्णांक दोन. आम्ही वाचतो,
खिशात कांदा टाकतो, दुपट्टा बांधतो, निघतो.

दुसरा पारा कुठं छापून आला नाही.
तो इतवारीतून यायचा, डझनाच्या खोक्यात,
झाकणावर गुलाब, बुडाशी कोरं.
ना कंपनी, ना तारीख.
पाचपावलीच्या माझ्या पार्लरात
साठला घ्यायचे, दीडशेला विकायचे.

रूपल निखारे म्हणायची,
"ताई, काय उजळली मी, बाप्पा!"
खरंच उजळली.
साक्षगंधाआधी तीन डबे.
मग पाय सुजले. सकाळी डोळे उघडेनात.
मेडिकलमधल्या डॉक्टरीणबाईंनी
खाणं विचारलं, पाणी विचारलं, गोळ्या विचारल्या,
आणि उठता उठता:
तोंडाला काय लावतेस गं?

भांडायला आली नाही ती.
उरलेला डबा काउंटरवर ठेवला.
"पारा आहे म्हणते याच्यात."
पंखा फिरत होता.
मी माझी बोटं पाहिली.
याच बोटांनी रोज दहा जणींना,
आणि रात्री उरलंसुरलं स्वतःला.

आता आरशाशेजारी भिंग टांगलंय, सुतळीला.
मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय
मी झाकण फिरवत नाही.
बाया हसतात, "परीक्षा आहे का हो?"
निम्म्या समोरच्या गल्लीत गेल्या.
तिकडं गुलाब अजून साठलाच मिळतो.

रूपल येते कधीमधी, फक्त केस कापायला.
गाल होते तसे झालेत, गव्हाळ.
काल खुर्चीत डोळे मिटून म्हणाली,
"आज पारा उतरला वाटते थोडा."

कुठला, ते मी विचारलं नाही.