रांगेत चौथा

केमी गावात नोव्हेंबरात तीनलाच दिवा लागतो.
ताउनो रिंतामाकी फोन स्पीकरवर ठेवतो,
कॉफी ओततो, एकच कप.
हेलसिंकीहून आवाज, तरुण, इस्त्री केलेला:
महसूल एकोणीस टक्क्यांनी खाली,
पण पाया भक्कम आहे.

पाया.
एकतीस वर्षं कागद कारखान्यात उभा राहिला तो.
कारखान्याला टाळं लागलं तेव्हा जी रक्कम मिळाली
तिच्यातली अर्धी घातली
बर्फाची जाडी मोजणाऱ्या या यंत्रांत.
बर्फ त्याला कळतो, म्हणून.

ग्राहकांचे निर्णय लांबले, आवाज म्हणतो.
गेल्या खेपेलाही लांबलेच होते.
ताकास तूर लागू देत नाहीत लेकाचे.

प्रश्नासाठी स्टार दाबा, मग एक.
दाबतो. रांगेत चौथा.
वाक्य कागदावर तयार आहे, दोनदा खोडलेलं:
शिल्लक पैसे किती महिने पुरतील?

तिसऱ्यानंतर वेळ संपते.
आभार. मग पियानो.
पियानो बराच वेळ चालू राहतो स्वयंपाकघरात.

मग बूट चढवून तो खाडीवर जातो,
गिरमिटानं भोक पाडतो, पट्टी सोडतो,
बॅटरी दातांत धरून वाचतो:
अकरा सेंटीमीटर.
खिशातला तोच कागद काढून
मागच्या बाजूला लिहितो,
तारखेसकट.