मोजणीची खूण

अंजनेरीच्या पायथ्याशी, नाशिकपासून अर्ध्या तासावर,
हिरामण धोत्र्यांनी फाटकाची तार सोडली.
कुलूप आहे, म्हणाले, किल्ली साहेबांकडे,
साहेब औरंगाबादला.
मी टेप काढली, टॉर्च काढला, चष्मा बदलला.
त्यांनी वही पुढे केली: नाव, गाव, येण्याचं कारण.
कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
एकच शब्द, वेगवेगळ्या अक्षरांत: सहज.

सत्त्याऐंशी साली यॉर्कशायरातल्या त्या मठात
मी सहज गेले नव्हते.
शिष्यवृत्तीचे पैसे मोजून, दोन बस बदलून,
पिशवीत उरलासुरला चिवडा,
पायांत नवऱ्याचे लोकरी मोजे.
मठाला छप्पर नव्हतं.
राजाची माणसं आली आणि वरचं शिसं उतरवून घेऊन गेली;
ते वितळवायला सरपण हवं, म्हणून
साधू ज्यांवर बसून गात ती बाकं फोडली.
हे मी तेवीस वर्षं वर्गात सांगितलं,
समोरच्या बाकांवर पोरं डबे उघडत असताना.

गवत मात्र न्हाव्यानं कापावं तसं.
भिंतीला हात लावू नये, अशी पाटी.
मी लावला.
बोटाला लागलं काहीतरी:
दोन तिरप्या रेघा, मधून एक उभी.
गवंड्याची खूण.
आठवडा संपला की मुकादम अशा खुणा मोजणार,
जितके दगड तितकी मजुरी.
त्या मठाच्या महंतांची नावं सनासकट मिळतात.
या तीन रेघांचं नाव
मी तीन ग्रंथालयांत शोधलं.

पुढे किल्ले पाहिले, सात.
एकात गाइड म्हणाला, जिना उजवीकडे वळतो
तो शत्रूची तलवार अडावी म्हणून.
पुरावा? मी विचारलं.
तो हसला आणि पुढच्या खोलीत गेला.
आणि एका खेड्यातलं चर्च,
जिथं हॉलिस नावाच्या म्हाताऱ्यानं
वीतभर लांब किल्लीनं दार उघडून दिलं.
रविवारी चौघे येतात, म्हणाला, पाऊस नसेल तर.
तुमचं गाव जुनं आहे का?
मी म्हणाले, हो, पण तिथं लोक अजून ते वापरतात.
त्याला ते कळलं की नाही कोण जाणे.
त्यानं मला सूप पाजलं.

इथं शिखर कोसळून ओट्यावर पडलंय.
एका तीर्थंकराच्या गुडघ्यावर शेळीच्या लेंड्या,
दुसऱ्याच्या कपाळाला ताजं कुंकू.
पडलेल्या तुळईची मागची बाजू,
जी भिंतीत गेल्यावर कुणी पाहणारच नव्हतं,
तिच्यावर टॉर्च तिरपा धरला,
आणि रेघा उठून दिसल्या.
दोन तिरप्या. मधून एक उभी.

साम्य म्हणजे संबंध नव्हे:
हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय
की खडू हातात आला की बोटं आपोआप तेच लिहितात.
तरी मी खाली बसले.
सांध्यांना उठायचं होतं म्हणून नव्हे.

काय सापडलं, बाई?
मी दाखवलं.
हा कोंबडीचा पाय, धोत्रे म्हणाले,
आमचे वडील काढायचे.
जात्याच्या तळीला, टाकी लावून झाली की.
बुधवारच्या बाजारात गोदेकाठी
तीन वडारांच्या जात्यांची एकच रास असायची,
संध्याकाळी कुणाची किती गेली यावरून
डोकी फुटायची.
मग एकानं काढला कोंबडीचा पाय,
एकानं चांदणी,
एकाला काहीच येईना, त्यानं नुसता खड्डा.

मी वही उघडली. आठशे वर्षं आणि
चार हजार मैल सोडून दिले, तसंच शिकवलंय मी.
लिहिलं: तोंडी माहिती. खूण, जात्यावरची.
सांगणार, हिरामण सटवा धोत्रे.

ते खांद्यावरून वाचत होते, ओठ हलवत.
सटवा धोत्रे म्हटलं तर
कुणी ओळखायचं नाही, म्हणाले.
सटवा जातेवाला लिहा.
मी खोडलं नाही. वर काकपद देऊन लिहिलं.
आणि हां, बाई, निघताना पिशवी दाखवून जा,
दगडबिगड घेतला नाही ना, बघावं लागतं.